लाल क्रुसाचा प्याला

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तुझी दोन पत्रं येऊन महिना उलटला. उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. आधी चष्म्याची काडी मोडली, मग गुडघा सुजला. खरं सांगायचं तर रोज कागद काढायचो आणि रोज घडी घालून उशीखाली ठेवायचो. बस डेपोतल्या सातवी नापास फिटरला तू आजोबांच्या आठवणी लिहायला सांगतेस. नट-बोल्ट आवळ म्हणालीस तर या वयातही आवळीन. फोन मात्र करू नकोस. कानात यंत्र घातलं तरी फोनमधून नुसती शिट्टी ऐकू येते आणि मग मी उगाच हो हो म्हणत बसतो.

चर्चच्या नव्या सभागृहाला बाबांचं नाव देताय, चांगलं आहे. त्यांच्यासोबत राहिलेला मीच एकटा उरलो, म्हणून माझ्याकडून चार ओळी हव्यात. तुझा बाप असता तर त्याने दहा पानं लिहिली असती. तो धाकटा, त्याला बाबा म्हातारपणी मिळाले, निवांत. मला मिळाले ते धावपळीतले.

तर लिही. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. सगळे त्यांना पेंटरबाबा म्हणत. अक्षर असं की लोक सामान घ्यायचं विसरून पाटी वाचत उभे राहायचे. मंडळीत कोणी वारलं की त्याच्या लाकडी क्रुसावर नाव बाबाच घालणार, आणि हातातलं काम टाकून घालणार. गिऱ्हाईक ओरडलं तर म्हणायचे, "तुझं दुकान उद्याही आहे, हा माणूस आज गेला." आजाऱ्याला घरी आणायचे. ज्याचं कोणी नाही त्याला तर हमखास. न्हाऊ घालायचे, नखं काढायचे, त्याची घाण स्वतः काढायचे. मी मोजले नाहीत, पण माझी खाट मला वर्षातून सहा महिने मिळत नसे. घरातले उपाशी आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बाबा पुढे, असं माझी आत्या म्हणायची, आणि आत्या खोटं बोलणारी नव्हती.

बाबा देवाचे होते, मंडळीचे होते, रस्त्यावर पडलेल्या कोणाचेही होते. उरलेसुरले आमचे.

आमच्या घरातलं एक माणूस या सेवेपायी गेलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही आणि तूही विचारू नकोस.

एवढ्यात काय होत असेल ते भागवून घे. थंडी जपून.

तुझा मोठा काका

९ फेब्रुवारी

ती. मोठे काका,

सलाम. पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग हे वाचून कसं दाखवायचं म्हणून कपाळाला हात लावला. "उरलेसुरले आमचे" हे मी व्यासपीठावरून म्हटलं तर पाळकसाहेब मला माइकसकट खाली उतरवतील. शाळेत पोरांचे निबंध तपासून माझा हात बसलाय, तेव्हा मीच थोडी काटछाट करते. रागावू नका.

आता दोन बातम्या. आपल्या सुईणआजी आठवतात ना? नव्वदी उलटली, पण जीभ अजून विशीतली आहे. परवा मी आठवणी गोळा करायला गेले तर म्हणाल्या, "तुझा आजा प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांना द्यायचा, घरोघर आजाऱ्यांना न्यायचा, पण स्वतःच्या ओठाला कधी लावला नाही. तीस वर्षं. भाकर घ्यायचा, प्याला आला की मागे सरकायचा. मी विचारलं, का हो पेंटरबाबा? तर म्हणाला, बाई, माझा वाटा मी आधीच देऊन बसलोय." काका, तुम्हाला हे ठाऊक होतं? माझे बाबा कधी बोलले नाहीत. पाळकसाहेबांनी ऐकलं आणि डोळे पुसले. म्हणाले, केवढी नम्रता! सभागृहाच्या समर्पणाच्या रविवारचं, म्हणजे २२ मार्चचं प्रवचन यावरच करणार आहेत.

सुईणआजी आणखी म्हणाल्या की चर्चच्या दाराच्या पाटीवरचा क्रूस पूर्वी लाल होता, आजोबांनीच एक दिवस तो पांढरा केला. कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही.

दुसरी बातमी. आजीची ट्रंक उघडली. तळाशी तिच्या जुन्या साडीत गुंडाळलेला एनॅमलचा पांढरा प्याला निघाला, कानाचा. त्यावर लाल क्रूस. आजोबांच्या हातचाच, शंका नको. टोकं त्यांच्या पाटीवरच्या क्रुसासारखीच निमुळती. आम्हाला वाटतं, आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायला ते हाच नेत असतील. पाळकसाहेब तर हरखलेत. त्याच रविवारी नऊ मुलांचं दृढीकरण आहे, ती मुलं आपलं पहिलं प्रभुभोजन याच प्याल्यातून घेतील, आणि मग तो काचेच्या कपाटात कायमचा ठेवायचा. कल्पना छान आहे ना?

आणि जाता जाता. तुम्ही विचारू नको म्हणालात, पण मंडळीच्या जुन्या दफन-वहीत आपल्या आडनावाखाली "कन्या, वय सहा, ताप" एवढंच आहे. ही कोण?

तुमची चिमणी

१३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

तुझं पत्र आत्ताच आलं आणि लगेच लिहायला बसलो आहे.

तो प्याला बाहेर काढू नका. तो प्रभुभोजनाचा नव्हे. बाबांचा दाढीचा मग होता तो. आतून एनॅमल उडालेलं असणार, गंज असणार, पोरांच्या पोटात जाईल. उद्या नऊ घरांतून तक्रारी आल्या तर तुलाच निस्तराव्या लागतील. शिवाय साबणाचा वास जात नाही.

परत ट्रंकेत टाक, नाहीतर भंगारात दे. पाळकसाहेबांना सांग, काकांना नीट आठवतं, दाढीचाच होता.

वहीतली ती मुलगी म्हणजे माझी बहीण. ठकी म्हणायचो. मुदतीच्या तापाने गेली. त्या काळी बरीच पोरं जायची.

प्याला परत ठेवलास की कळव.

मोठा काका

२१ फेब्रुवारी

ती. काका,

दाढीच्या मगावर क्रूस कोण काढतं?

आतून प्याला स्वच्छ आहे. कुठे टवका नाही, गंज नाही, आणि साबणाचा वास साठ-पासष्ट वर्षं टिकत असेल तर तो साबण मलाही हवाय. मी विज्ञान शिकवते, काका. उकळून घेतलाय.

स्पष्ट लिहिते, वाईट वाटलं तर वाटू दे. माझे बाबा म्हणायचे, "दादाला आमच्या बाबांचं चांगलं कधी बघवलं नाही." मला ते खोटं वाटायचं. अठराव्या वर्षी तुम्ही घर सोडलंत, वर्षाला एक पत्र पाठवलंत, आजोबांच्या मातीलाही आला नाहीत. मी आठ वर्षांची होते. दाराकडे बघत आजी तासभर शवपेटी उचलू देत नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "थोरला येईल, थोरला येईल." थोरल्याची तार आली. डेपोत रजा नाही म्हणून.

आता त्या माणसाच्या नावाने एक खोली उभी राहतेय, तर तुम्ही त्याच्या प्याल्यात साबण शोधताय.

ठकीबद्दल वाईट वाटलं. आजोबांनी आजारी माणसं घरी आणली, त्यातून तिला ताप आला, असंच ना? म्हणून राग आहे तुमचा. पण काका, त्यांचीही ती मुलगी होती.

पाळकसाहेबांनी गेल्या रविवारी जाहीर केलंय. आता मागे फिरता येत नाही. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही खरं असेल तर सांगा. नसेल तर आशीर्वाद द्या आणि गप्प बसा.

चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस,

पुन्हा उशीर. या खेपेला गुडघा नाही आणि चष्माही नाही. पंधरा दिवस तुझं पत्र टेबलावर आहे आणि मी त्याला वळसा घालून जेवतोय. खोली दहा बाय बाराची, वळसा घालायला जागाही नाही.

तू जे लिहिलंस ते बरोबर आहे. एकच चुकलं. राग बाबांवर होता असं तू म्हणतेस. मीही तसंच म्हणत आलो. पासष्ट वर्षं म्हणत आलो.

आता खरं लिहितो. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी अकरा वर्षांचा होतो, ठकी सहाची. तुझा बाप पाळण्यात. बाबांनी एका धारवाल्याला घरी आणलं. दगडी चाक पाठीवर घेऊन फिरायचा, सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर तापाने पडला होता. त्याला पुढच्या खोलीत माझ्या खाटेवर झोपवलं. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, याची भांडी वेगळी ठेवा. तेव्हा बाबांनी नवा एनॅमलचा प्याला घेतला आणि बारीक कुंचल्याने त्यावर लाल क्रूस काढला, ओळखायला. चर्चच्या दारावर काढला होता अगदी तसाच. हात एकच, रंगाचा डबाही तोच. सगळ्यांना बोलावून म्हणाले, "हा पाहुण्याचा प्याला. याला कोणी शिवायचं नाही." सगळ्यांना म्हणजे मला आणि आईला. ठकी तेव्हा आत्याकडे होती, ती दोन दिवसांनी आली. तिला सांगायचं राहून गेलं.

तू शिक्षिका आहेस, तुला पोरं कळतात. ठकीला एकाच गोष्टीचं वेड होतं. चर्चमध्ये मोठी माणसं पुढे जाऊन प्याल्यातून पितात आणि पोरांना बाकावर बसवून ठेवतात, याचा तिला भयंकर राग. दर वेळी रडायची. आई म्हणायची, "मोठी झालीस की मिळेल." ती दुसऱ्या दिवशी विचारायची, "आज मी मोठी झाले का?"

आली त्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात बाबांचे कुंचले रॉकेलमध्ये धूत होतो. दोन-तीन रात्री जमिनीवर झोपून माझं अंग दुखत होतं, डोकं फिरलेलं. ठकी धावत आली. "दादा, प्रभूचा प्याला आपल्या घरी का ठेवलाय?"

चिमणे, मी तिला खरं सांगू शकलो असतो. चार शब्दांचं काम. आजाऱ्याचा आहे, शिवू नकोस. पण मला गंमत सुचली. वाटलं, ही जाऊन बाबांना विचारील आणि पाहुण्याच्या देखत बाबांची फजिती होईल. म्हणालो, "हो, तोच आहे. मोठी माणसं घरी लपवून पितात. तूही पी, मग तू मोठी. पण कोणाला सांगायचं नाही हं."

सांगू नको म्हटलं की ती हमखास सांगायची, म्हणून तसं म्हणालो. मग मी हात पुसून तिच्या मागे गेलो. धारवाला भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ती प्याल्यासमोर उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले, मोठी माणसं करतात तशी ओठांतल्या ओठांत पुटपुटली. त्याचं उष्टं पाणी होतं, ते तिने सगळं प्यायलं. आणि पाळकसाहेब रुमालाने कड पुसतात तशी फ्रॉकच्या टोकाने प्याल्याची कड पुसली. मी दारात उभा राहून तोंडावर हात धरून हसत होतो.

तेव्हाच आईला सांगितलं असतं तर? डॉक्टर काही करू शकले असते का? हे मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट म्हणून. एक म्हणाला हो, एक म्हणाला नाही. पण मी सांगितलंच नाही. मार बसेल म्हणून नव्हे. बाबांनी कधी बोट लावलं नाही. ते नुसते बघायचे, त्याचीच भीती.

बाराव्या दिवशी ठकीला ताप चढला. धारवाला बरा झाला, चाक पाठीवर घेऊन हसत गेला. जाताना आमच्या घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून गेला.

तापात ठकीने बाबांना सांगून टाकलं. "मी प्रभूचा प्याला प्यायले, आता मी मोठी झाले." बाबा अंगणात आले. मी कुंचलेच धूत होतो. त्यांच्याही हातात कुंचला होता, त्यावरचा रंग त्यांच्या पायावर ठिबकत होता. म्हणाले, "तो प्रभूचा प्याला आहे असं तिला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, "तुम्हीच."

"मी?"

"रोज प्रार्थनेत म्हणता ना, दारात येणारा पाहुणा म्हणजे प्रभूच. मग पाहुण्याचा प्याला तो प्रभूचाच झाला की. ती ऐकत असते."

अकराव्या वर्षी एवढी अक्कल कुठून आली कोणास ठाऊक. शाळेत एकदाही आली नाही.

बाबांनी हातातला कुंचला रॉकेलच्या डब्यात टाकला. मग म्हणाले, "हो. म्हणालो होतो खरं." आणि आत गेले.

बस्स, एवढंच. पुन्हा कधी विचारलं नाही. ठकी गेली. तिच्या क्रुसावर नाव घालायला त्यांना तीन दिवस लागले, ज्या माणसाला एका पाटीला एक सकाळ पुरायची. आणि महिन्याभरात त्यांनी दुसरा आजारी माणूस घरी आणला! मला वाटलं, हा दगड आहे. याला आपली पोर गेल्याचं काही नाही, याला फक्त देवाच्या दारी आपलं नाव मोठ्या अक्षरात हवं. तो राग मी धरून बसलो. बरा होता तो राग, चिमणे. त्याच्या आड मला स्वतःकडे बघावं लागत नव्हतं. त्यावरच घर सोडलं. त्यावरच मातीला आलो नाही. रजा होती. तीन दिवसांची शिल्लक होती.

आणि मग तुझ्या पत्रात सुईणआजीचं ते वाक्य वाचलं. तीस वर्षं प्याला ओठाला लावला नाही. "माझा वाटा मी आधीच देऊन बसलोय." पाळकसाहेबांना ती नम्रता वाटते. ती शिक्षा होती, चिमणे. माझी शिक्षा. त्यांनी माझं बोलणं खरं मानलं आणि स्वतःवर घेतलं. खरं मानलं की माझ्यासाठी घेतलं, हे आता कोणाला विचारू? आईने तो प्याला का जपून ठेवला तेही मला ठाऊक नाही. तिला काय कळलं होतं, किती कळलं होतं? दाराकडे डोळे लावून तासभर माझी वाट बघत होती म्हणतेस.

प्याल्यात आता काही नाही, ते मलाही कळतं. तू उकळला आहेस. पण नऊ पोरं त्याला तोंड लावणार आणि मंडळी ते बघून गहिवरणार, हे मला इथे बसूनही सोसवणार नाही. तो बाहेर काढू नका. आणि पाळकसाहेबांना ते नम्रतेचं प्रवचन करू देऊ नकोस. बाबा नम्र होते का नव्हते, देव जाणे. पण त्या प्याल्याचं कारण ते नव्हे.

तुझा गुन्हेगार
मोठा काका

१३ मार्च

काका,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. कोणाला दाखवलं नाही.

प्याला मी काढून घेतलाय. पाळकसाहेबांना सांगितलं की तळाला भोक आहे. म्हणजे मीही खोटं बोलले. आपल्या घरात ही विद्या आहे असं दिसतं.

प्रवचन मी थांबवू शकत नाही, कारण गोष्ट आता प्रवचनापुढे गेलीय. सभागृहाच्या दाराशी लावायचा दगड गेल्या सोमवारीच कोरून आला. नावाखाली कोरलंय, "प्रभूच्या प्याल्यासही स्वतःला अपात्र मानणारा नम्र सेवक." अक्षर बरं आहे. आजोबांच्या अक्षराची सर नाही.

दगड खोडरबराने पुसता येत नाही. मंडळीला सांगायचं तर कोणीतरी उभं राहून सांगावं लागेल. मी सांगणार नाही. मला तिथे राहायचंय, आणि ते सांगण्याचा हक्कही माझा नाही. २२ तारखेला उपासनेत साक्षीसाठी वेळ ठेवलाय. तुम्ही आलात तर तुम्हाला बोलायला मिळेल. नाही आलात तर जे कोरलंय तेच खरं, यापुढे कायमचं.

आज शाळा सुटल्यावर दफनभूमीत गेले होते. ठकीचा लाकडी क्रूस कुठे सापडला नाही. सुईणआजी म्हणाल्या, आजोबा होते तोवर दर वर्षी नवा रंग देत, नंतर कोणी दिला नाही.

चिमणी

१६ मार्च

चि. चिमणीस,

या खेपेला उशीर केला नाही. तुझं पत्र अकराला आलं, आता बारा वाजलेत.

मी येऊ का? विचारतो आहे कारण मला कळत नाही की तू बोलावलंस की बजावलंस. तुझ्या पत्रावर सलाम नव्हता आणि "ती." नव्हतं. बरोबरच आहे, मी तक्रार करत नाही. पण त्यावरून कळत नाही.

तूच माझं मागचं पत्र मंडळीला वाचून दाखव, असं आधी लिहिणार होतो. लिहिलंही होतं, मग तो कागद फाडला. एकदा माझं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं तेवढं पुरे.

पण माझी अडचण ऐक. मला ऐकू येत नाही. मी बोललो आणि मंडळी काय म्हणाली ते मला कळणार नाही. कोणी उठून गेलं तर दिसेल, पण कोणी काही म्हणालं तर नाही. माझा स्वतःचा आवाजही मला नीट कळत नाही, फार मोठा लागला तर तू हात वर कर. मी पहिल्या बाकावर बसणार नाही. पोरांच्या बाकावर, कडेला बसेन, जिथे ठकीला बसवायचे. प्याला आला तर मी घेणार नाही, तेवढं पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यालाही ते नम्रता म्हणतील.

बोलून झाल्यावर मला एक लाकडी क्रूस आणि काळा रंग हवा. कुंचला माझ्याकडे आहे. घर सोडताना बाबांचा एक उचलून आणला होता, कधी वापरला नाही. माझं अक्षर वाईट आहे. पण तिचं नाव लहान होतं, जमेल. जागा नक्की कुठली ते सुईणआजींना विचारून ठेव, त्या आहेत तोवर.

बस रोज सकाळी सुटते. शनिवारच्या बसने निघालो तर पोचतो. पिशवी भरून ठेवली आहे, पण तुझं पत्र येईपर्यंत गाठ मारत नाही. मोठं पत्र नको. "या" म्हण, नाहीतर "नको" म्हण. पोस्टमन आमच्याकडे अकराला येतो आणि मी दहापासून जिन्यात बसतो, कारण दार वाजलेलं ऐकू येत नाही. आज सोमवार. हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, हातात पडताच उत्तर टाकलंस तर शुक्रवारपर्यंत मिळेल.

उशीर करू नकोस गं बाई. उशीर करायचा तो मी करून ठेवलाय.

मोठा काका